पूर आणि शाळेची पूर्वतयारी
(नदीकाठच्या शाळांतील शिक्षकांपुढे केलेले भाषण)



कृष्णा-वारणेच्या काठी ज्यांची शाळा आहे, त्यांना महापुराचे वर्णन ऐकविण्याचे प्रयोजन नाही. २००५, २०१९ व २०२१ ही साले आपल्या सर्वांच्या स्मरणात आहेत. तेव्हा पाणी येण्यापूर्वी शाळेने कोणते काम उरकून ठेवावे, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

आपल्याकडील महापूर बहुधा सूचना देऊन येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, कोयनेचे व वारणेचे धरण भरत जाते, विसर्ग वाढतो आणि ते पाणी काही तासांनी सांगलीस पोहोचते. तेथे आयर्विन पुलाजवळ पाण्याची उंची मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी होय. हे आकडे सर्वांच्या कानी पडतात. परंतु आपल्या गावापुरता त्यांचा अर्थ काय, हे सांगणारे थोडे असतात. हा अर्थ लावून देणे हे शाळेला सहज साधणारे काम आहे.

त्यासाठी एक तक्ता करावा. एका बाजूस पुलाजवळचा आकडा व तारीख लिहावी. दुसऱ्या बाजूस त्या वेळी गावात पाणी कोठवर होते ते लिहावे : घाटाची पायरी, स्मशानभूमीचा रस्ता, देवळाचा पार, शाळेचे फाटक. जुनी माहिती वडीलधाऱ्यांकडून, तलाठी व ग्रामपंचायत यांच्याकडून मिळवावी. यंदाची माहिती मुलांनी स्वतः नोंदवावी. पुलापासून गाव जितके दूर, तितका हा मेळ ढिला राहणार. म्हणून दर पावसाळ्यात तक्ता तपासून दुरुस्त करावा. परिसर अभ्यास व गणित या दोहोंचाही हा उत्तम पाठ होईल.

मात्र तक्त्यातील सर्वांत वरची खूण ही पाण्याची अखेरची सीमा समजू नये. २००५ साली पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते. तेव्हा घरात पाणी आले नव्हते, म्हणून पुढेही येणार नाही, या भरवशावर २०१९ साली अनेक कुटुंबे घरातच थांबली. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. हा फरक सुमारे चार फुटांचा, म्हणजे आपल्या दुसरी-तिसरीतील मुलाच्या उंचीएवढा आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर काढताना नाव उलटली आणि गावकऱ्यांना प्राणास मुकावे लागले. रस्ता कोरडा असतानाच निघावे, हा त्या दिवसाचा धडा मुलांच्या तोंडून घराघरांत पोहोचला पाहिजे.

दुसरी गोष्ट ओढ्याची. नदी फुगली की ओढ्याचे पाणी तिच्यात शिरत नाही. उलट नदीचाच फुगवटा ओढ्यात चढतो. त्यामुळे गावात पाणी येण्यापूर्वीच वाडीवस्तीचा रस्ता तुटतो. आपली कित्येक मुले रोज ओढ्यावरील फरशी ओलांडून येतात. अशा मुलांची वेगळी यादी आजच करावी. पालकांचा दूरध्वनी क्रमांक आणि शाळेच्या बाजूस मुलाला ठेवून घेईल अशा एका घराचे नाव त्या यादीत असावे. फरशीवर पाणी असता कोणत्याही मुलास घरी सोडू नये. पाणी घोट्याएवढे दिसले तरी ओढ असल्यास मोठ्या माणसाचाही पाय सुटतो. पाऊस वाढू लागताच वस्तीवरील मुलांना आधी घरी पोहोचते करावे. शाळा सुटण्याच्या घंटेची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट शाळेच्या दप्तराची. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके व शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तके जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून उंचावरील सुरक्षित इमारतीत हलवावी. भिजलेल्या एका रजिस्टरामुळे मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा नाहीसा होतो आणि पुढे त्याला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. पोषण आहाराचे धान्यही जमिनीवर ठेवू नये. शाळा उंचावर असेल तर तेथे निवारा उघडावा लागेल. यासाठी एक किल्ली गावातच जबाबदार व्यक्तीकडे असावी. शाळा सखल जागी असेल तर ती निवाऱ्यास योग्य नाही, असे ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

पाणी ओसरल्यावर वर्ग भरविण्याची घाई नको. भिंती, वीजजोड, अडगळीतील सापविंचू आणि पिण्याचे पाणी यांची पाहणी झाल्यावरच मुलांना आत घ्यावे.

बंधुभगिनींनो, यांतील एकाही कामास मोठा खर्च नाही. एक तक्ता, एक यादी आणि बांधून ठेवलेले दप्तर, एवढीच ही सिद्धता आहे. जून महिना सरण्यापूर्वी ती आपल्या शाळेत झालेली असावी आणि ओढ्यापलीकडील प्रत्येक मुलाचे नाव त्या यादीत असावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.