सोबत नेता येणारी कौशल्ये

रसायनशास्त्राचा पदवीधर बँकेत लागला की ब्युरेट हातातून सुटते. पण आकडा दिसताक्षणी नोंदवायचा आणि उत्तर चुकले तर पायरी-पायरीने मागे जाऊन कारण शोधायचे, ही प्रयोगशाळेतली सवय काउंटरवरही उपयोगी पडते. एका ठिकाणी शिकून दुसरीकडे नेता येणाऱ्या अशा क्षमतांना हस्तांतरणीय कौशल्ये म्हणतात. नेमके बोलणे-लिहिणे, माहितीची शहानिशा, हिशेब, वेळेचे भान आणि चारचौघांना धरून काम करणे ही त्यांतली मुख्य.

त्यांची शाळा महाविद्यालयातच असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ ही वाट रुळवली. वर्ग सांभाळून ग्रंथालयात रोज दोन-तीन तास काम करणारा विद्यार्थी मेहनताना मिळवतोच. शिवाय वेळ पाळणे आणि गर्दीतही शांतपणे उत्तर देणे शिकतो.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. गावात पाहणी करताना छापील प्रश्न चालत नाही. तो ओट्यावर बसलेल्या आजीला कळेल असा करावा लागतो. पन्नास जणांच्या पिठल्याला बेसन किती, हे तिथेच कळते.

स्नेहसंमेलनही असेच. वर्गणी, पावत्या, मंडपवाल्याशी बोलणी, तालमींच्या वेळा आणि ऐनवेळी बंद पडलेला माइक, हे सारे व्यवस्थापनाचेच धडे. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिकांतही रंगमंचावरच्या नटाइतकाच पडद्यामागे नेपथ्य उचलणारा शिकत असतो.

मात्र समितीच्या यादीत नाव आल्याने कौशल्य येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कौशल्यांना श्रेयांक दिले. श्रेयांक मिळाला म्हणजे हात बसला, असे नाही. जबाबदारी एकट्याच्या अंगावर पडावी लागते, चूक झाली तर निस्तरावी लागते. काम संपल्यावर काय केले, काय फसले, पुढच्या वेळी काय बदलायचे, हे वहीत चार ओळींत टिपले की अनुभव अंगी मुरतो. मुलाखतीत ‘संघभावना आहे’ या दोन शब्दांपेक्षा जमाखर्चातला न जुळणारा आकडा कसा शोधला, ही हकिगत अधिक बोलते.