बालशिक्षण, दानधर्म आणि अधिकाऱ्यांचे मन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विद्येसाठी दिलेल्या दानाचा हिशोब समाजाला चांगला सवयीचा आहे. एका दात्याने वर्गखोली बांधून दिली, दुसऱ्याने बाके दिली, तिसऱ्याने बालवाडीतील मुलांच्या खाऊचा वर्षभराचा खर्च उचलला. हे सारे डोळ्यांना दिसते. संगमरवरी पाटीवर दात्याचे नाव कोरता येते आणि वार्षिक अहवालात ते एका ओळीत मांडता येते. परंतु एखाद्या संस्थेने आपल्या जमाखर्चात पुढील नोंद दाखविली तर? ‘बालशिक्षणाविषयी शासकीय अधिकारी व धोरणकर्ते यांचे मत जाणून घेण्यासाठी सल्लागारांस दिलेले शुल्क.’ वार्षिक सभेत चार जण तरी उठून विचारतील की, साहेबांना प्रश्न विचारण्यासाठी पैसे कशाला लागतात?

हा प्रश्न रास्त आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच खर्च होय. ज्या ठिकाणी तो मोठ्या प्रमाणावर आणि विचारपूर्वक केला गेला, ती हकीकत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची आहे. तिच्यापासून आरंभ करणे सोयीचे.

ह्युलेट-पॅकार्ड ही इलेक्ट्रॉनिक उपकरणांची कंपनी १९३९ साली स्थापन झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक डेव्हिड पॅकार्ड. त्यांनी व त्यांच्या पत्नी ल्युसिल यांनी १९६४ साली आपल्या नावाचे एक धर्मादाय फाउंडेशन काढले. मुलांविषयी ल्युसिलबाईंना विशेष आस्था होती. या फाउंडेशनने २००३ च्या सुमारास एक उद्दिष्ट ठरविले की, कॅलिफोर्नियातील प्रत्येक तीन-चार वर्षांच्या मुलाला चांगल्या प्रतीची बालशाळा उपलब्ध व्हावी. यासाठी फाउंडेशनने स्वतः शाळा बांधण्याचा मार्ग धरला नाही. लाखो मुलांच्या राज्यात कोणत्याही एका धनिकाची तिजोरी पुरी पडणे शक्य नव्हते. हे काम राज्याच्या तिजोरीनेच व्हावयाचे होते. म्हणून संशोधन, लोकजागृती आणि धोरणाचा पाठपुरावा करणाऱ्या संस्थांना फाउंडेशनने साहाय्य दिले.

येथे एक अडचण उभी राहते. खोली बांधली की खोली दिसते. पाठपुरावा केला तर काय दिसते? कायदा होईपर्यंत काहीच दिसत नाही, आणि कायदा होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. तोपर्यंत पैसा योग्य दिशेने चालला आहे की वाळूत मुरतो आहे, हे विश्वस्तांनी कसे ओळखावे?

या कामाचे मूल्यमापन फाउंडेशनने हार्वर्ड विद्यापीठातील हार्वर्ड फॅमिली रिसर्च प्रोजेक्ट या केंद्राकडे सोपविले. तेथील अभ्यासकांनी एक पद्धत बसविली आणि तिला ‘बेलवेदर’ असे नाव दिले. इंग्रजीत हा शब्द मेंढपाळांकडून आला. कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा बांधतात; तो जिकडे वळतो तिकडे कळप वळतो. राज्यकारभारातही अशी माणसे असतात. त्यांत सचिव असतात, विधिमंडळातील सदस्यांचे सल्लागार असतात, वृत्तपत्रांचे संपादक, उद्योगांच्या संघटनांचे पदाधिकारी, धोरणाचा अभ्यास करणारे विद्वान असतात. कोणता विषय पुढे येत आहे आणि कोणता मागे पडत आहे, हे हेरणे त्यांचा नित्याचा व्यवसाय असतो. अशा चाळीस व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या.

या पद्धतीतील दोन नियम विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला नियम असा की, निवडलेल्या व्यक्तींपैकी निदान निम्म्यांचा बालशिक्षणाशी विशेष संबंध नसावा. शिक्षण खात्यातील अधिकारी बालशाळेचे नाव घेणारच. त्यात नवल ते काय? परंतु अर्थसंकल्प पाहणारा किंवा व्यापारी संघटना चालविणारा मनुष्य आपण होऊन ते नाव घेतो, तेव्हा विषय खरोखर पसरला आहे असे समजावे. दुसरा नियम याहून चतुर आहे. मुलाखतीची वेळ ठरविताना विषय आधी सांगावयाचा नाही. राज्यापुढील निरनिराळ्या धोरणांविषयी बोलावयाचे आहे, एवढेच कळवावयाचे. मग पहिला प्रश्न मोकळा टाकावयाचा की, सध्या राज्यापुढील सर्वांत महत्त्वाचे तीन विषय कोणते? त्या तिघांत बालशिक्षण आले तर आले. न आले तर तेही निमूटपणे लिहून घ्यावयाचे. त्यानंतरच प्रश्नांचा रोख बालशाळांकडे वळतो. राज्याने ही योजना घ्यावी काय, पाच वर्षांत ती येण्याचा संभव किती, तिच्या बाजूने कोण बोलत आहेत आणि विरोधात कोण, असे प्रश्न मग येतात. काही काळाने पुन्हा तसेच विचारले की फरक कळतो.

व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. माल कसा वाटला, हे दुकानदाराने स्वतः विचारले तर गिऱ्हाईक ‘छान आहे’ म्हणते आणि पायरी उतरते. तेच गिऱ्हाईक चार पावलांवर चहा पिताना तिऱ्हाइताला सांगते की पोत विरळ आहे आणि रंग पहिल्या धुण्यात जाईल. अधिकाऱ्याचेही असेच असते. देणगीदार संस्थेचा अध्यक्ष समोर बसला असता तो सौजन्याने बोलतो, कार्याची प्रशंसा करतो आणि कार्यक्रमाला येण्याचे आश्वासन देतो. अध्यक्ष परत येऊन सांगतात की साहेब फार अनुकूल आहेत. ती अनुकूलता चहाच्या कपाएवढीच असते. बाहेरचा सल्लागार नेमण्याचे खरे कारण हे आहे. त्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याचे तिऱ्हाईतपण अधिक मोलाचे असते, आणि शुल्क द्यावयाचे ते त्या तिऱ्हाईतपणाचे. उत्तर देणाऱ्याचे नाव बाहेर जाणार नाही, हा विश्वास बसला तरच तो मोकळेपणाने बोलतो. सेवानियमांनी बांधलेल्या माणसाला तर त्याची अधिकच गरज असते.

काहींना यात वशिल्याचा वास येईल. त्याबाबत भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. अमेरिकेत १९६९ च्या करकायद्याने खासगी फाउंडेशनने विशिष्ट विधेयक मंजूर व्हावे किंवा फेटाळले जावे म्हणून केलेल्या खर्चावर दंडात्मक कर बसविला. म्हणजे पाठपुरावा करणे, अभ्यास प्रसिद्ध करणे, मत जाणून घेणे हे चालते. विधेयकासाठी मते गोळा करणे चालत नाही. मुलाखत घेणारा जर मध्येच साहेबांना पटवू लागला, तर तो ही रेषा ओलांडतो आणि त्याचे उत्तरही निरुपयोगी होते.

आता कॅलिफोर्नियात पुढे काय घडले ते पाहावे. तेथे नागरिकांना थेट मतदानाने कायदा करता येतो. चित्रपट दिग्दर्शक रॉब रायनर यांच्या पुढाकाराने १९९८ साली सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर पन्नास सेंट कर बसवून तो पैसा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वापरण्याचा प्रस्ताव निसटत्या बहुमताने मंजूर झाला होता. त्याच धर्तीवर ६ जून २००६ रोजी प्रस्ताव क्रमांक ८२ मतदानास आला. वर्षाला चार लाख डॉलरपेक्षा अधिक मिळविणाऱ्यांवर, आणि जोडप्यांच्या बाबतीत आठ लाखांपेक्षा अधिक मिळविणाऱ्यांवर, १.७ टक्के जादा कर बसवावयाचा आणि प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला एक वर्षाची विनामूल्य बालशाळा द्यावयाची, अशी ती योजना होती. अंदाजे उत्पन्न वर्षाला २४० कोटी डॉलर. बरीच मुले पालकांच्या खर्चाने आधीच बालशाळेत जात आहेत, मग त्यांच्यासाठी नवा कर कशाला, असा विरोधकांचा एक मुद्दा होता. प्रस्ताव पडला. विरोधात सुमारे ६१ टक्के मते गेली.

एवढा खर्च, एवढा अभ्यास, आणि अखेरीस पराभव! हिशोबाच्या वहीत हे खाते बुडीत लिहावे असे कोणालाही वाटेल. फाउंडेशनने मात्र काम सोडले नाही. आणि नंतरची वाट मतपेटीतून न जाता विधिमंडळाच्या आणि अर्थसंकल्पाच्या दालनांतून गेली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१० साली बालवर्गाच्या प्रवेशाचे वय बदलणारा कायदा झाला. त्याच्याबरोबर, शरद ऋतूत पाच वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांसाठी एक नवा संक्रमणवर्ग निघाला आणि २०१२-१३ पासून तो सुरू झाला. २०२१ साली राज्याने तो टप्प्याटप्प्याने चार वर्षांच्या सर्व मुलांसाठी खुला करण्याचे ठरविले. २०२५-२६ हे त्याचे अखेरचे वर्ष ठरले. याचे श्रेय मुलाखतींना देणे हास्यास्पद होईल. मुलाखत बी पेरीत नाही, ती फक्त ओल किती खोल आहे ते सांगते. पण ज्या दालनांतून हा निर्णय पुढे सरकला, तेथील माणसांच्या मनात काय आहे याचा शोध घेणे व्यर्थ नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

हे झाले परदेशाचे. भारतात हा प्रश्न कोणाला विचारावा? येथे खरी गुंतागुंत आहे आणि ती समाजातील शिक्षणप्रेमी मंडळींना फारशी ठाऊक नसते.

राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे म्हटले होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्यात होते. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क दिला, आणि सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम ११ आले. तीन वर्षांवरील मुलांसाठी शासन विनामूल्य पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’, अशा अर्थाचे ते आहे. ‘करील’ असे नाही. एका क्रियापदामुळे देशातील कोट्यवधी बालके हक्काच्या उंबरठ्याबाहेर थांबली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला, हे मोठेच पाऊल होय. तथापि धोरण म्हणजे कायदा नव्हे.

हे क्रियापद बदलण्याचा विचार कोणाच्या टेबलावर आहे? महाराष्ट्रात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाकडे, गावातील प्रत्यक्ष व्यवस्था जिल्हा परिषदेकडे, आणि पैशाचा निर्णय वित्त विभागाकडे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. आहार, लसीकरण, नोंदवह्या यांच्या गर्दीत हीच सेवा मागे राहते, अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. बालविकास अधिकाऱ्याला विचारले तर तो शिक्षणाचे महत्त्व सांगेल. प्रश्न विचारावयाचा तो वित्त विभागात, आणि तोही विषय न सांगता.

यावर एक उत्तम आक्षेप महाराष्ट्राच्या मातीतूनच येतो. ताराबाई मोडक यांनी कोणते सल्लागार नेमले होते? १९४५ साली बोर्डीला त्या गेल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी जन्मली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांत काम केले. पुढे शासनाच्या देशव्यापी योजनेने ‘अंगणवाडी’ हेच नाव उचलले. काम बोलले, मुलाखतींची गरज पडली नाही, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे. परंतु शासनाने अंगणवाडीचे नाव घेतले तितक्या उत्सुकतेने तिच्यातील शिक्षण घेतले काय? नाव कागदावर लवकर चढते. त्यामागील विचार कोणापर्यंत पोहोचला, कोठे अडला आणि कोणाच्या मनात तो केवळ खाऊवाटपापुरता उरला, हे तेव्हा कोणी तिऱ्हाइताकडून विचारून घेतले असते, तर बरे झाले असते.

छोट्या धर्मादाय संस्थेने हार्वर्डची नक्कल करू नये. चाळीस मुलाखतींचा खर्च तिला झेपणार नाही आणि तिच्या न्यासपत्राच्या उद्देशांत तो बसतो की नाही, हेही आधी पाहिले पाहिजे. मात्र चार-पाच संस्था एकत्र आल्या तर जिल्हा पातळीवर बारा-पंधरा व्यक्तींच्या मुलाखती एखाद्या महाविद्यालयातील समाजकार्याच्या प्राध्यापकाकडून करून घेता येतील. यादीत निम्मी नावे बालशिक्षणाबाहेरची असावीत: जिल्हा परिषदेचे लेखा अधिकारी, नियोजन अधिकारी, स्थानिक दैनिकाचे संपादक, व्यापारी संघाचे पदाधिकारी. विश्वस्तांच्या ओळखीतील नावे शक्यतो टाळावीत. शुल्क आधी ठरवून द्यावे, म्हणजे निष्कर्ष अनुकूल येण्यावर ते अवलंबून राहणार नाही. आणखी एक अट ठरावातच लिहून ठेवावी की, पंधरांपैकी एकानेही आपण होऊन बालशिक्षणाचे नाव घेतले नाही, तरी तो अहवाल वार्षिक सभेत जसाच्या तसा वाचला जाईल. तीन वर्षांनी त्याच पदांवरील व्यक्तींना, त्या तोवर बदलल्या असल्या तरी, तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. अंगणवाडी सेविकांची नावे या पद्धतीच्या यादीत कोठेच येत नाहीत, कारण ती पद्धत केवळ निर्णय वळविणाऱ्यांची आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी सेविकांशी वेगळे बोलावे लागेल, आणि त्यासाठी मात्र सल्लागाराची गरज नाही. विश्वस्तांनी स्वतःच दुपारी दोन तास अंगणवाडीत जाऊन बसावे.