जुन्या पद्मिनीचा गंजलेला तळ

असोद्यात किंवा जळगाव-धुळे परिसरात कुणाच्या अंगणात जुनी प्रीमिअर पद्मिनी उभी असेल, तर पावसाळा सरताच तिचा तळ जरूर तपासा. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे तळ गंजला, की गाडीचा सांगाडाच कमकुवत होतो.

सीट आणि मॅट काढून पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. तो दबला किंवा आरपार गेला, तर तिथे लांबी भरून भागणार नाही. आत अडकलेली ओल पत्रा खातच राहते.

तिथे नवा पत्राच वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवा. दारांच्या चौकटींना आतून आधार द्या, नाहीतर बॉडी वाकते. चांगला पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवा. आधी अंतराअंतरावर टाके मारा. सलग वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा मुरडतो. मग प्राइमर, सांध्यांना सीलर आणि खालून अंडरकोटिंग करा. पाणी निचरण्याची भोकं मात्र मोकळी ठेवा.

रंगाच्या चकाकीपेक्षा तळाच्या मजबुतीवर आधी खर्च करा. आतल्या माणसांची सुरक्षितता त्यावरच अवलंबून आहे.