पावती कुणाच्या नावाची?



माझी आई दरवर्षी घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत जायची. पैसे तिच्या मजुरीचे, पावती वडिलांच्या नावाची. ती पावती घडी घालून डब्यात ठेवायची. तो डबा आठवला, की मला अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं, ग्लास्टनबरी गावातलं एक घर आठवतं.

त्या घरात ज्युलिया आणि ॲबी स्मिथ या अविवाहित बहिणी शेती करून राहत. १८७३ साली गावाने त्यांचा कर वाढवला. दोन विधवांचाही वाढवला. पुरुष मात्र एकही नाही. ७६ वर्षांची ॲबी गावसभेत उभी राहिली. आम्हाला मत नाही, मग कर कसला, असं तिने विचारलं. जानेवारी १८७४ मध्ये त्यांच्या सात गायी जप्त करून लिलावात काढल्या. पुढे जमीनही विकली. बहिणी कोर्टात गेल्या, जिंकल्या. त्यांनी दोन गायींची नावंच ठेवली, 'वोटी' आणि 'टॅक्सी'!

ॲबी १८७८ मध्ये गेली, ज्युलिया १८८६ मध्ये. अमेरिकेच्या राज्यघटनेत बायकांच्या मताचा हक्क आला १९२० साली. १९७४ मध्ये ते घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरलं.

आपल्याला मत आहे. पण घर? आज घरी गेल्यावर घरपट्टीची पावती काढा, सातबारा काढा. नाव कुणाचं आहे, ते वाचा. तुमचं नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत एकटीने जाऊ नका. आपण सगळ्या मिळून जाऊ.