शहर वसवणारा पोस्टमास्तर



कामानिमित्त मी दोन वर्षं अमेरिकेत मायामीला होते. शेजारीच कोरल गेबल्स हे देखणं शहर आहे. ते वसवलं जॉर्ज मेरिक यांनी. वडील धर्मोपदेशक. १८९९ मध्ये कुटुंब फ्लोरिडात आलं. शाळकरी जॉर्ज खेचराच्या गाडीतून मायामीला भाजी विकायला जायचा. पुढे वडिलांच्या ग्रेपफ्रूटच्या बागेच्या जमिनीवरच त्यांनी शहर आखलं. घरांसाठी दगड काढून झालेल्या खाणीचा १९२४ मध्ये पोहण्याचा तलाव केला. विद्यापीठासाठी १६० एकर जमीन दिली.

त्यांना मी आदर्श म्हणणार नाही. बहामाच्या कृष्णवर्णीय मजुरांनी राबून हे शहर उभारलं, पण घरांच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता.

१९२६ मध्ये जमिनीचे भाव कोसळत होते, त्यात सप्टेंबरचं चक्रीवादळ आलं. मेरिक यांची संपत्ती गेली. १९४० मध्ये ते मायामीचे पोस्टमास्तर झाले आणि १९४२ मध्ये, त्याच पदावर असताना वारले. ज्यांना जमिनी विकल्या, त्यांच्याच टपालाची जबाबदारी घेताना त्यांना संकोच वाटला असेल का?

हे विचारायला कारण आहे. गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. 'सध्या काय करतेस?' या एका प्रश्नाच्या धाकानं मी आज येणारच नव्हते. मग हे पोस्टमास्तर आठवले आणि बॅग भरली.

तर सांगते, सध्या मी नोकरी शोधते आहे. जेवताना खुशाल विचारा.