दात कशाने घासता?



अध्यक्षपदाचा मान मला दिलात, त्याबद्दल आपली ऋणी आहे. संमेलन लोणावळ्यात भरते आहे याचा, तळेगावात उभे आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला, अधिक आनंद आहे. योगाने शरीरात काय घडते ते मोजून पाहावे, या निश्चयाने स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली याच गावात कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. संयोजकांनी पावसाच्या दिवसांत व्यवस्था चोख ठेवली आहे. त्यांचे आभार.

अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. निरोगी आणि रोगट पेशी कशा वागतात, त्यांच्या वागण्यामागे कोणते रेणू असतात, हा यंदाचा विषय. तोंडाच्या कर्करोगापुरता आढावा घ्यायचा तर सुरुवात वसंत रामजी खानोलकरांपासून करावी लागते. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी विकृतिशास्त्राची घडी बसवली. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या कमल रणदिवे, तयार झाल्या. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून त्या परतल्या आणि भारतातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी १९५१ साली प्रयोगशाळेत जगवणारे गाय ते हेच. आज पुण्याच्या गणेशखिंडीत आपले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. २०१३ साली खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक आणि बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांच्या चमूने गाल-हिरडीच्या कर्करोगातली बिघडलेली जनुके शोधली. आधी ५० रुग्णांचे नमुने वाचले, मग आणखी ६० रुग्णांत पडताळा घेतला. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, नॉच१ ही नावे आता विद्यार्थ्यांनाही पाठ असतात.

इथे मी आढावा थांबवते. पुढची पाने पिशवीतच राहू द्या. गेली कित्येक वर्षे एक गोष्ट बोलायची माझ्या मनात आहे. परिषदांत प्रश्नोत्तरांना मिळणाऱ्या दोन मिनिटांत ती कधी मावली नाही. आज माईक माझ्या हातात आहे.

तपासणीला येणाऱ्या प्रत्येक नमुन्याबरोबर एक कागद येतो. त्यावर वय, लिंग, गाव आणि व्यसन असे रकाने असतात. पेशीतला एकेक रेणू मोजायला आपण कोटींची यंत्रे घेतो, पण व्यसनाचा रकाना भरतो कोण? ओपीडीत रांग लागलेली असताना, उभ्या उभ्या, एक इंटर्न. तो विचारतो, "तंबाखू खाता का? विडी ओढता का?" बाई म्हणते, नाही. तो लिहितो, व्यसन नाही. त्या दोन शब्दांवर पुढे प्रबंध उभे राहतात.

माझ्या लॅबमध्ये एकदा अंदर मावळातल्या एका बाईंच्या तोंडातला तुकडा तपासणीला आला होता. खालच्या हिरडीवरचा व्रण, कर्करोग उघड दिसत होता, कागदावर 'व्यसन नाही'. तुकडा अपुरा असल्याने तो पुन्हा घ्यावा लागला आणि त्या निमित्ताने त्या स्वतःच मुलाबरोबर लॅबच्या बाकावर येऊन बसल्या. विकृतिशास्त्राच्या डॉक्टरला रुग्णाचे तोंड क्वचित दिसते, आपल्याला दिसते ती काचपट्टी. मी सहज विचारले, "मावशी, दात कशाने घासता?"

"मिसरीनं."

"दिवसातून कितीदा?"

"सकाळी, जेवल्याव, रानातनं आल्याव, निजताना. लावनीच्या दिसांत जरा जास्ती."

"मग डॉक्टरांना तंबाखू नाही म्हणून का सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की चूक माझीच आहे हे मला कळले. "बाई, त्येनी इचारलं खाता का. म्या खात न्हाय. मिसरी लावत्यात. खोटं कशाला बोलू?"

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. प्रश्न चुकीचा होता.

तेव्हापासून ज्या बाईंपर्यंत मला पोहोचता आले त्यांना मी हाच प्रश्न विचारत आले. नाणे मावळ, पवन मावळ, कामशेत, टाकवे, कार्ल्याच्या आसपासच्या वाड्या. 'व्यसन नाही' असा शिक्का घेऊन आलेल्या बायकांनी पदराच्या गाठीतून डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली आहे. माझ्या आजीकडेही अशीच पितळी डबी होती. ती चुलीवर तवा ठेवून तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, मग पाट्यावर वाटून तिची मिसरी करायची. घरभर ठसका उठायचा आणि आम्ही पोरे अंगणात पळायचो. आजीला कुणी व्यसनी म्हटले असते तर तिने त्याला उंबरा ओलांडू दिला नसता. दात दुखतो म्हणून, सकाळी पोट साफ होत नाही म्हणून, लावणीला वाकून कंबर मोडते आणि भाकरीला अवकाश असतो म्हणून बायका ही पूड हिरडीला लावतात. बाळंतिणीलाही ती घरातल्याच कुणाकडून मिळते. पुरुषाची तंबाखू चंचीत असते, चारचौघांत तळहातावर मळली जाते. बाईची तंबाखू मोरीजवळच्या कोनाड्यात असते. कोनाड्यातले व्यसन आपल्या रकान्यात आलेच नाही.

गेली काही वर्षे आपल्यात एक वाद चालू आहे: तंबाखूला न शिवलेल्या बायकांना हिरडीचा आणि गालाचा कर्करोग का होतो? कुणी म्हणतात विषाणू, कुणी म्हणतात घराण्यातून आलेले जनुक, कुणी धारदार दाताला दोष देतात. विषाणूचे काम घशाच्या मागच्या भागात मोठे आहे, ते मी नाकारत नाही. आनुवंशिक दोषही असतात. पण मावळातल्या हिरडीपुरता या वादाचा निकाल माझ्या टेबलावरच्या डब्यांनी कधीच लावला आहे. आधी डबी विचारा. डबी नसेल तर मग विषाणू शोधा, मी तुमच्याबरोबर शोधायला बसते.

मिसरीला मी साधी तंबाखू का समजत नाही, तेही सांगते. पान तव्यावर करपते तेव्हा त्यात बेन्झोपायरीन तयार होते, विडीच्या धुरात असते तेच. पान वाळवताना आणि मुरताना तयार झालेली नायट्रोसमाइन्स त्यात असतातच. एकाच चिमटीत जाळलेल्या तंबाखूचे विष आणि चघळलेल्या तंबाखूचे विष, दोन्ही येतात. ही चिमूट बोटाने हिरडीवर घासली की रेणू लाळेतून अस्तराच्या पेशीत उतरतात. पेशी तो परका रेणू पाण्यात विरघळवून बाहेर टाकू पाहते. तिची विकरे त्याला प्राणवायू जोडतात आणि त्याच खटपटीत त्याला असे रूप येते, की तो डीएनएतल्या ग्वानिनला घट्ट चिकटतो. स्वच्छतेसाठी केलेल्या कामातून घात होतो. बेन्झोपायरीनचा हा रेणू टीपी५३ जनुकात कुठे चिकटतो ते १९९६ साली शोधले गेले. फुप्फुसाच्या कर्करोगात ज्या जागी बिघाड वारंवार सापडतो, नेमक्या त्याच जागा निघाल्या.

या जनुकाचे पी५३ हे प्रथिन राखणदार आहे. डीएनए बिघडला की ते विभाजन थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावते. राखणदारच गेला की बिघडलेली पेशी वाढत राहते. तिच्या आणि खालच्या मांसल थराच्या मध्ये एक पातळ आधारपटल असते. विद्यार्थ्यांना मी ते भातखाचराच्या बांधासारखे आहे असे सांगते. बांध शाबूत असेतो वरच्या खाचरातले पाणी खाली जात नाही, आणि तोवर हिरडीवर दिसतो तो नुसता पांढरा चट्टा. पेशी प्रथिने कापणारी विकरे सोडू लागल्या की बांध आतून पोखरतो. एके दिवशी तो फुटतो, त्या दिवसापासून आपण त्याला कर्करोग म्हणतो. फुटण्याआधीची कित्येक वर्षे ती बाई रोज सकाळी बोट फिरवत असते. त्या वर्षांत तिला एकदा विचारले असते तर बराच बांध वाचला असता.

मिसरीवर संशोधनच नाही असे कुणी म्हणू नये. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मिसरीचे, म्हणजे मशेरीचे, रसायन तपासले, उंदरांवर आणि हॅम्स्टरवर प्रयोग केले. त्याच्या कितीतरी आधी, १९७२ साली, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तोंडांची पाहणी प्रसिद्ध झाली. फली मेहता, प्रकाश गुप्ता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग ही नावे त्यावर आहेत. लाखभर तोंडे! दंतवैद्य गावोगाव गेले, माणसांच्या दारात बसले आणि त्यांनी विचारले. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा चांगले सूक्ष्मदर्शक आहेत, पण त्यांच्यासारखे दारात बसणे आपण सोडून दिले. देशभरच्या प्रौढ तंबाखू पाहणीतही, २००९-१० आणि २०१६-१७ दोन्ही वेळा, मिसरी, गूल, गुडाखू अशा दात-हिरडीला लावायच्या तंबाखूची वेगळी विचारणा होती. देशभरच्या प्रश्नावलीत मिसरी आहे आणि मावळातल्या केसपेपरवर ती नाही, याचे मला अतोनात दुःख होते.

तरुण सहकारी मला सांगतात, बाई, आता विचारायची गरज उरली नाही. प्रत्येक विषाची डीएनएवर ठरावीक स्वाक्षरी उमटते, ती वाचली की पुरे. अशा स्वाक्षऱ्यांच्या यादीतली २९ क्रमांकाची स्वाक्षरी तंबाखू चघळणाऱ्यांची म्हणून ओळखली जाते, आणि ती गाल-हिरडीच्या कर्करोगात मिळाली हे मलाही ठाऊक आहे. पण ती चघळणाऱ्यांची आहे हे कळले कसे? कुणीतरी त्या रुग्णांना विचारले होते, तुम्ही चघळता का? स्वाक्षरीला नाव केसपेपर देतो. कागद चुकला तर नावही चुकते. मिसरीवाली बाई 'व्यसन नाही' या गटात जाऊन बसते, दोन गटांतला फरक पुसट होतो आणि आपण लिहून मोकळे होतो की हे बिघाड तंबाखूशिवायही होतात. भाजून हिरडीला लावलेल्या तंबाखूची स्वतःची काही वेगळी खूण असेल का? असावी असे मला वाटते. ती शोधायची तर मिसरी लावणाऱ्या बायका आधी वेगळ्या नोंदवायला हव्यात.

आणि हे प्रबंधापुरते राहत नाही. आईचा कर्करोग 'व्यसनाशिवाय' झाला असे लिहिले गेले की लेकीला सांगितले जाते, तुमच्या रक्तात आहे, जपून राहा. लेक घाबरते, रक्ताच्या तपासण्यांवर पैसे घालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईची डबी उघडते. असे मी पाहिले आहे.

एका मोठ्या रुग्णालयाच्या समितीपुढे मी एकदा विनंती केली होती, की केसपेपरवर फक्त एक ओळ वाढवा. उत्तर आले, फॉर्म वरून ठरतो. एक सदस्य म्हणाले, ही जुनी पद्धत आहे, आता कोण लावते? बैठकीतून उठून मी फाटकासमोरच्या टपरीवर गेले आणि मिसरीची पुडी विकत घेतली. ती पुडी परत जाऊन त्यांच्यासमोर ठेवायला हवी होती. ठेवली नाही, ती खंत अजून जात नाही. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली ते योग्यच झाले. पण घरच्या तव्यावर बंदी कोण आणणार? तिथे कायदा पोहोचत नाही. तिथे डॉक्टर पोहोचू शकतो, आशाताई पोहोचू शकते, आणि सुरुवात एका प्रश्नाने होते.

तेव्हा काही कामे करायची आहेत. केसपेपरवर ती ओळ यायला हवी, बाईच्या भाषेत: दात कशाने घासता, हिरडीला काही लावता का. जुन्या पॅराफिन ब्लॉकच्या नोंदी पुन्हा तपासायला हव्यात, निदान मावळ तालुक्यातल्या तरी. दंतवैद्य, आमच्या शाखेचे लोक आणि जनुके वाचणारे असा एक गट जमवावा असे मनात आहे. परवानग्या, खर्च, कुणी काय करायचे, हे आपण उद्या सकाळी बसून बोलू.

आज दुपारच्या सत्रात जे निबंध वाचले जाणार आहेत, त्यांचे सारांश मी पाहिले. तीन तक्त्यांच्या शेवटच्या ओळीत स्त्रियांपुढे 'व्यसन नाही' असे लिहिलेले आहे. काम कष्टाने केलेले आहे, त्यात मला शंका नाही. त्या तिघा लेखकांना माझी विनंती आहे. त्यांतल्या ज्या बायका हयात असतील त्यांची संमती विचारा, आणि त्यांनी होकार दिला तर मला फक्त गाव कळवा. खांडी असो, वडेश्वर असो, घाटाखालचे असो. पाऊस उघडला की मी जाऊन विचारून येते.