रेंज नसलेल्या जागी तंबू

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना युटाच्या वाळवंटात फुकट तंबू ठोकायचाय. बीएलएमच्या सरकारी जमिनीवर ते बहुतेक ठिकाणी चालतं, साधारण १४ दिवसांपर्यंत. पण तिथे नळ नाही, संडास नाही, रेंज नाही.

म्हणून माणशी रोजचं किमान ४ लिटर पाणी गाडीत हवंच. नकाशा घरीच डाउनलोड करा. शेकोटीला बंदी आहे का, ते निघण्याआधी तिथल्या ऑफिसला फोन करून विचारा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू नको; पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कुठे जाताय, कधी परतताय, हे एका मित्राला लिहून द्या. तुम्ही अडकलात, तर शेरीफला फोन त्यालाच करायचाय.